तीस किलोवॉटचा कप्पा

फास्ट चार्जरच्या कपाटाचं दार सर्व्हिसच्या माणसानं उघडलं, की आत अपेक्षेपेक्षा फार कमी गोष्टी दिसतात. एका बाजूला ब्रेकर, कॉन्टॅक्टर आणि मनगटाएवढ्या जाड केबली, कुठेतरी एक लहानसा कंट्रोलर, आणि उरलेल्या जागेत कप्प्यांमध्ये सरकवून बसवलेले धातूचे चपटे डबे. प्रत्येक डबा चार-पाच बोटं उंच, तोंडाशी जाळीआड पंखे, कोपऱ्यात एक-दोन दिवे. हेच पॉवर मॉड्यूल. गाडीवाल्याला गन दिसते, स्क्रीन दिसते, ॲपमधून कापले गेलेले पैसे दिसतात. मात्र महावितरणच्या वायरीतून आलेली वीज बॅटरीला चालेल अशी होते ती या डब्यांत, आणि चार्जिंग स्टेशन भरवशाचं आहे की नाही हेही बरंचसं इथेच ठरतं.

वायरीतली वीज एसी, बॅटरी मात्र डीसीच घेते, त्यामुळे कुठेतरी रूपांतर करावंच लागतं. घरी चार्जिंग करताना ते काम गाडीतला चार्जर करतो. त्याची ताकद साधारण ३.३ किंवा ७.२ किलोवॉट असते, म्हणून ३० युनिटांची बॅटरी भरायला लहान चार्जरला जवळजवळ सगळी रात्र लागते. हेच काम तासाच्या आत उरकायचं तर रूपांतर करणारं यंत्र मोठं हवं, आणि तेवढं ओझं गाडीनं जन्मभर वाहण्यात अर्थ नाही. म्हणून ते रस्त्याकडेच्या कपाटात गेलं. तिथून गनमधून थेट डीसी येते आणि गाडीतला चार्जर बाजूला राहतो.

चार्जरवर ६० किलोवॉट लिहिलेलं असलं, तरी आत साठचं एक यंत्र क्वचितच असतं. बहुधा तीसचे दोन डबे असतात. १२०ला चार, २४०ला आठ. ही युक्ती मोटारींच्या जगातली नाही, टेलिफोन एक्स्चेंजमधली आहे. एक्स्चेंजची ४८ व्होल्टची वीज क्षणभरही जाऊन चालत नसे, म्हणून तिथे एसीची डीसी करणारे अनेक लहान रेक्टिफायर शेजारी शेजारी लावत. एक बंद पडला तर बाकीचे भार उचलत आणि पुरवठा चालू असतानाच बिघडलेला काढून नवा बसवता येई. गाड्यांच्या चार्जरमध्ये हे शहाणपण त्याच लोकांबरोबर आलं. चीनमध्ये ह्वावेनं आपली वीज-उपकरणांची कंपनी २००१मध्ये अमेरिकेच्या एमर्सनला ७५ कोटी डॉलरला विकली. तिथे तयार झालेल्या अभियंत्यांनी पुढे शेन्झेनमध्ये आपापल्या कंपन्या काढल्या आणि ते शहर या मॉड्यूलचं मोठं केंद्र झालं. आपल्याकडची एक्झिकॉमही टेलिकॉमचे वीजसंच करता करताच चार्जरकडे वळली. टेस्लानं २०१२मध्ये पहिले सुपरचार्जर उभारले तेव्हा तर त्यांनी मॉडेल एस गाडीतलेच चार्जर घेतले आणि एका कपाटात बारा रचले.

आता डब्याच्या आत. तीन फेजची ४१५ व्होल्ट वीज आधी फिल्टरमधून जाते आणि पुढे रेक्टिफायरशी पोचते. साधे डायोड लावूनही एसीची डीसी होते, पण ते लाटेच्या माथ्यावर तेवढा करंट ओरबाडून घेतात आणि मध्ये गप्प बसतात. असे ओरबाडे शंभर किलोवॉटच्या घरात गेले, की जवळचा ट्रान्सफॉर्मर विनाकारण तापतो आणि त्याच लाइनवरच्या दुकानांना, दवाखान्यांना बिघडलेली वीज मिळते. यावरचा उतारा ऑस्ट्रियात निघाला. व्हिएन्नाच्या तंत्र विद्यापीठात योहान कोलार यांनी १९९३च्या सुमारास एक रचना मांडली. थोडक्याच स्विचांच्या जोरावर ती प्रत्येक फेजकडून लाटेच्या आकाराबरहुकूम करंट घेते आणि पलीकडे ८०० व्होल्टच्या आसपास स्थिर डीसी उभी करते. ती व्हिएन्ना रेक्टिफायर म्हणूनच ओळखली जाते आणि फास्ट चार्जरच्या असंख्य मॉड्यूलमध्ये आज तीच आहे. मात्र तिच्यातून वीज एकाच दिशेनं वाहते. गाडीच्या बॅटरीतून रात्री ग्रिडला वीज परत द्यायची, अशी जी चर्चा आपण ऐकतो, ती अशा डब्यांना साधणार नाही. त्यासाठी आतली मांडणीच वेगळी लागते.

दुसरा टप्पा मला सगळ्यांत देखणा वाटतो. आठशे व्होल्टची ती डीसी लगेच पुन्हा चिरली जाते, सेकंदाला लाखाहून अधिक वेळा, आणि एका ट्रान्सफॉर्मरमधून पलीकडे पाठवली जाते. ट्रान्सफॉर्मर कशासाठी? ग्रिडची बाजू आणि गाडीची बाजू यांच्यात तांब्याचा एकही धागा सलग राहू नये म्हणून. मधला दुवा फक्त चुंबकीय क्षेत्राचा. भर पावसात ओल्या हातानं गन धरणाऱ्या माणसाची सुरक्षितता ज्यांवर उभी आहे, त्यांतली ही एक भिंत. हेच काम ५० हर्ट्झवर करायचं तर तीस किलोवॉटसाठी शेकडो किलोचा लोखंडी ट्रान्सफॉर्मर लागला असता. फ्रीक्वेन्सी वाढवली की दर फेरीला पलीकडे पोचवायची ऊर्जा कमी होते आणि गाभा लहान होत जातो. इथे तळहातात मावणारे फेराइटचे गाभे पुरतात, म्हणून तर सगळा डबा एका माणसाला उचलता येतो.

इतक्या वेगानं उघडझाप करणाऱ्या स्विचांत आता सिलिकॉन कार्बाइड येत चाललं आहे. हा पदार्थ जुनाच; १८९०च्या दशकापासून कारखान्यांत धार लावायला वापरतात तो कार्बोरंडम हाच. त्याचे स्फटिक ट्रान्झिस्टर करण्याइतके निर्दोष वाढवण्यात शंभरहून जास्त वर्षं गेली आणि त्यापासून केलेला मॉसफेट जातीचा ट्रान्झिस्टर २०११च्या सुमारास बाजारात आला. जास्त व्होल्टेज झेलूनही तो कमी तापतो.

बॅटरीत किती वीज सोडायची हे चार्जर ठरवत नाही, गाडी ठरवते. गन लावली की दोघांत बोलणं सुरू होतं, इन्सुलेशनची तपासणी होते, व्होल्टेज जुळवलं जातं, आणि मग गाडी सतत सांगत राहते: एवढे व्होल्ट, एवढे अँपिअर. कपाटातला कंट्रोलर ती मागणी डब्यांत वाटून देतो. नेक्सॉनसारखी गाडी तीनशे-साडेतीनशे व्होल्टच्या पट्ट्यात चार्ज होते, तर आयोनिक ५ किंवा ईव्ही६ यांची बॅटरी त्याच्या दुपटीच्या घरात जाते. दोघींना एकाच डब्यानं सांभाळायचं म्हणून अनेक मॉड्यूलमध्ये बाहेर पडणारी बाजू दोन भागांत असते: कमी व्होल्टेज हवं तेव्हा ते भाग पॅरलल जोडायचे, जास्त हवं तेव्हा सीरिजमध्ये. बॅटरी ऐंशी टक्क्यांपुढे गेली की मागणी उतरते आणि डबे मोकळे होऊ लागतात. कपाटात तशी जोडणी असेल तर ते शेजारच्या गनला मिळतात.

आणि उष्णता. चांगल्या मॉड्यूलची कार्यक्षमता ९५ टक्के धरली, तरी तीस किलोवॉट देताना दीड किलोवॉट आतल्या आत जळतो. बादलीतलं पाणी तापवायचा रॉड त्या चपट्या डब्यात अखंड चालू आहे असं समजा. ती उष्णता पंख्यांनी बाहेर ढकलायची, आणि ढकलायला हवा कुठली, तर हायवेची: डिझेलचा धूर, खडीची धूळ, कोकणात खारा दमटपणा, चंद्रपूरला मे महिन्यातली ४५ अंशांची झळ. जाळीवरचा फिल्टर तुंबला की तापमान चढतं. मॉड्यूल आधी आपणहून ताकद कमी करतं, मग बंद पडतं. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं गणित तर निष्ठुर आहे: तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं. फिल्टर धुण्यातली टंगळमंगळ अशी लाखो रुपयांच्या यंत्राची वर्षं खाते. स्टेशन उभारताना पैसा ओतला जातो, पण फिल्टर बदलायला माणूस नेमला जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आपल्याकडे डीसी चार्जरची कसोटी कशी घ्यायची, हे पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेनं प्रसिद्ध केलेल्या एआयएस-१३८ मानकाच्या दुसऱ्या भागात लिहिलेलं आहे. सुरक्षिततेची ती चौकट मोलाची आहे. तरीही, चार्जर पास झाल्यावर तीन उन्हाळ्यांनी त्यातले किती डबे जिवंत आहेत, हे ती चौकट सांगू शकत नाही.

मॉड्यूलच्या गुणाला इथेच दुसरी बाजू आहे. दोनपैकी एक डबा गेला, तरी चार्जर चालूच राहतो. ॲपवर हिरवा ठिपका, बाहेर ‘६० किलोवॉट’ची पाटी, आणि गनमधून येतात तीस. गाडीवाला आपल्या बॅटरीला दोष देत दुप्पट वेळ उभा राहतो. पुण्याहून सोलापूरला निघालेल्या, मागच्या सीटवर आजारी माणूस असलेल्या कुटुंबाला हा अर्धा-पाऊण तास फार मोठा असतो. ही माहिती गुप्त असायचं काही कारणही नाही. प्रत्येक डबा कंट्रोलरला सारखं कळवत असतो: मी चालू आहे, माझं तापमान एवढं, मी एवढे अँपिअर देतोय. मालकाच्या सर्व्हरला हे कळवण्याची सोयही असते. म्हणजे नवं यंत्र नको, जादा वायर नको. पाटीवरच्या आकड्याशेजारी त्या घडीला प्रत्यक्ष मिळू शकणारे किलोवॉट दाखवायचे, स्क्रीनवरही आणि ॲपमध्येही. चार्जिंग स्टेशनसाठी केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत २,००० कोटी रुपये ठेवलेले आहेत. त्यातून मदत घेणाऱ्या प्रत्येक चार्जरला ही एक अट घालायला हवी.