लुकबानच्या भिंतींवरचं पीक

लुकबान (फिलिपिन्स), १५ मे

बानाहाव डोंगराच्या पायथ्याच्या या गावात आज भिंती दिसतच नाहीत. शेतकऱ्यांचे संत सान इसिद्रो यांचा आज सण, ‘पाहियास’. खिडक्यांना भाताच्या लोंब्या, सज्जांना भाज्यांच्या माळा, मध्येच इथल्या लसूण घातलेल्या ‘लोंगानिसा’ सॉसेजची तोरणं. आणि या सगळ्यावर लाल, पिवळ्या, हिरव्या पानांची झुंबरं.

ही पानं लांबून कागदाची वाटतात, पण ती तांदळाची आहेत. त्यांना ‘किपिंग’ म्हणतात. तांदूळ भिजवून वाटायचे, रंग कालवायचा आणि ते पातळ पीठ झाडाच्या खऱ्या पानावर पसरून वाफवायचं. वाळलं की अलगद सोलून दडपणाखाली सपाट करायचं. आपल्या सालपापड्यांचीच ही पद्धत, फक्त इथे पान हाच साचा. किपिंग उजेडात धरलं की पानाची शीर न् शीर त्यात उमटलेली दिसते.

हा सण स्पॅनिश राजवटीतल्या चर्चबरोबर रुजला. शेतकरी पीक आशीर्वादासाठी चर्चमध्ये नेत; पुढे ते घराच्या दर्शनी भागात मांडू लागले आणि संताची मिरवणूकच दारावरून जाऊ लागली. मिरवणुकीचा रस्ता दरवर्षी बदलतो, त्यामुळे सजावटीचा मान आळीपाळीने वेगवेगळ्या घरांना मिळतो.

भाताचं चित्र या देशाला नवं नाही. फर्नांडो अमोरसोलो यांनी उन्हात भातलावणी करणारी माणसं पुन्हा पुन्हा रंगवली. १९७२ मध्ये ते देशाचे पहिले ‘राष्ट्रीय कलावंत’ ठरले. त्यांची चित्रं संग्रहालयांत सुरक्षित आहेत. लुकबानच्या चित्राला मात्र तशी सोय नाही. सण सरला की भाज्या पोटात जातात, किपिंगही तळून खातात.

मला यातच या वारशाचं बळ दिसतं. पीठ किती पातळ हवं, पान वाफेवरून कधी उतरवायचं, हे हातालाच कळावं लागतं. सजावट टिकत नाही, म्हणून पुढच्या मे महिन्यात सगळं नव्याने करावं लागतं. नव्याने करायचं म्हणून घरातल्या पोरांना शिकवावं लागतं. पूर्वजांचं अन्न जपायचा याहून खात्रीचा मार्ग मला तरी माहीत नाही.