शस्त्रक्रियेदरम्यान हृदयक्रिया बंद पडणे : हैदराबाद आयोग ते आजची उपचारपद्धती

प्रस्तावना :

शस्त्रक्रियागृहाबाहेर थांबलेल्या नातेवाइकांच्या कानी कधीकधी ‘रुग्णाला भूल सहन झाली नाही’ एवढेच वाक्य पडते. त्यातून मृत्यू हा दैवाधीन होता असा समज दृढ होतो. वस्तुतः शस्त्रक्रिया चालू असताना हृदयक्रिया बंद पडणे, ज्यास वैद्यकीय व्यवहारात कार्डियाक अरेस्ट म्हणतात, ही दुर्मीळ घटना होय. तिचे कारण बहुधा शोधता येते आणि वेळीच ओळखल्यास अनेकदा रुग्ण वाचू शकतो. प्रस्तुत लेखात या विषयाचा आपल्या प्रदेशाशी असलेला संबंध व आजची उपचारपद्धती यांचा विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

१८४८ मध्ये इंग्लंडमधील हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी पायाच्या नखाच्या किरकोळ शस्त्रक्रियेवेळी क्लोरोफॉर्म दिला असता दगावली. क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो की हृदय, हा वाद त्यानंतर अनेक दशके चालला. तो सोडविण्यासाठी निजामाच्या राज्यात १८८८ व १८८९ मध्ये दोन क्लोरोफॉर्म आयोग नेमले गेले. जालना त्या काळी याच संस्थानात होते. सर्जन एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने प्राण्यांवर प्रयोग झाले. दुसऱ्या आयोगासाठी लंडनहून लॉडर ब्रंटन आले. श्वास नेहमी आधी थांबतो, म्हणून केवळ श्वासावर लक्ष ठेवावे, असा निष्कर्ष निघाला. १९११ मध्ये लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांतून दाखविले की, अपुऱ्या भुलेतही क्लोरोफॉर्ममुळे हृदयाच्या निलयांत अनियमित कंपन सुरू होऊन ते एकाएकी थांबू शकते. एकाच लक्षणावर विसंबणे ही आयोगाच्या शिकवणीतील उणीव होती.

उपचाराच्या दृष्टीने १९४७ हे वर्ष महत्त्वाचे आहे. क्लॉड बेक यांनी १४ वर्षांच्या मुलाच्या छातीच्या शस्त्रक्रियेत थांबलेले हृदय हाताने दाबत ठेवून, नंतर विद्युतझटका देऊन पूर्ववत सुरू केले. १९६० मध्ये अमेरिकेत कौवेनहोवेन व सहकाऱ्यांनी छाती न उघडता बाहेरून दाब देण्याची पद्धत मांडली.

आजची उपचारपद्धती :

आज नाडी, रक्तदाब, हृदयालेख, रक्तातील प्राणवायू आणि उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड यांवर एकाच वेळी लक्ष ठेवले जाते. यांपैकी शेवटचे मापन विशेष बोलके असते. रक्त फुप्फुसांत पोहोचेनासे झाले की कॅप्नोग्राफवरील आकडा झपाट्याने खाली येतो.

हृदयक्रिया बंद पडल्याचे लक्षात येताच भूलतज्ज्ञ ते मोठ्याने जाहीर करतो. सर्जन हात थांबवितो, मात्र रक्तस्राव होत असल्यास तो रोखून धरतो. भुलेचे औषध बंद करून पूर्ण प्राणवायू दिला जातो आणि छातीवर मिनिटाला १०० ते १२० या गतीने, प्रौढात ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब दिला जातो. दाब देणारी व्यक्ती दर दोन मिनिटांनी बदलते. निलयांचे कंपन असल्यास विद्युतझटका, तसेच प्रसंगानुरूप ॲड्रेनलिन दिले जाते.

त्याच वेळी कारणाचा शोध सुरू असतो. रक्तस्राव असेल तर रक्त व द्रव, श्वासनलिकेची नळी सरकली असेल तर ती पूर्ववत करणे, बधिरीकरणाच्या औषधाची विषबाधा असेल तर स्निग्ध द्रावण, अशी उपाययोजना कारणानुसार बदलते. पोटातील अवयव ताणल्याने हृदयगती एकदम मंदावली असेल, तर ताण सोडणे हाच पहिला उपचार ठरतो.

समारोप :

जालन्यात २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेथे घडणाऱ्या पिढीने यंत्रांबरोबरच ‘थांबा’ म्हणण्याचे धैर्यही शिकावे. हे धैर्य परिचारिकेलाही असले पाहिजे. आपणही संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी भूल कोण देणार, कॅप्नोग्राफ व विद्युतझटक्याचे यंत्र उपलब्ध आहे काय, हे नम्रपणे विचारावे. या प्रश्नांनी डॉक्टरांवर अविश्वास व्यक्त होत नाही. हैदराबादच्या प्रयोगांचा धडा हाच की, लक्ष जितके चौफेर, तितका रुग्ण सुरक्षित.