वीस हजारांतले अब्ज

बालाघाट शहरातला जवळजवळ दर चौथा माणूस एकाच वेळी वैनगंगेच्या पुलाकडे निघाला, तर जेवढी झुंबड उडेल तेवढी, म्हणजे २०,००० हलती पात्रं एका वेळी चालवण्याचा ‘दे आर बिलियन्स’चा दावा आहे. स्पेनच्या न्युमँशियन गेम्सचा हा खेळ डिसेंबर २०१७ मध्ये आला. नावात अब्जावधी झोंबी आहेत. पडद्यावर वीस हजार म्हणजे चक्क फसवणूक, असं मला आधी वाटलं होतं.

नुसत्या बुरुजांच्या खेळात बुरूज बांधायचे आणि गोळ्या झाडायच्या. इथे बुरुजाला लागणारं लाकूड, सोनं, माणसं आधी वस्तीतून उभी करावी लागतात. आणि एक झोंबी तंबूत शिरला, की आतले रहिवासीही झोंबी होऊन बाहेर पडतात. वाढवलेलं गाव शत्रूच्या कामी येतं.

दर टप्प्याला झोंबींची संख्या दुप्पट होते असं धरू. एकापासून निघालं तर सतराव्या दुपटीला २०११ च्या जनगणनेतलं सुमारे ८४ हजारांचं बालाघाट शहर संपतं, एकविसाव्याला १७ लाखांचा जिल्हा, एकतिसाव्याला त्याच जनगणनेतला भारत, तेहतिसाव्याला जग. शहरापासून जिल्ह्यापर्यंत चार पावलं, भारतापासून जगापर्यंत दोनच!

पण खरे अब्ज संगणकाच्या पोटात आहेत. वीस हजारांतल्या प्रत्येकानं ‘मी कुणाला धडकतोय का’ हे बाकी सगळ्यांशी ताडून पाहिलं, तर जोड्या होतात सुमारे २० कोटी. सेकंदाला साठ चित्रं धरली, तर दर सेकंदाला १२ अब्ज तपासण्या. कुठलंही घरगुती यंत्र रडेल.

असल्या खेळांतली नेहमीची युक्ती बालाघाटच्या शेतकऱ्याला सांगायला नको. धानाच्या शिवारासारख्या नकाशाच्या बांध्या पाडायच्या. प्रत्येकानं फक्त शेजारच्या बांधीत डोकवायचं. वाटही ज्यानं त्यानं शोधायची नाही. वस्तीच्या मध्यापासून बाहेर मोजत प्रत्येक बांधीला अंतराचा आकडा द्यायचा, की पाणी खालच्या बांधीत उतरावं तसा झोंबी लहान आकड्याकडे सरकतो. २५६ बाय २५६ चा नकाशा धरला, तर आकडे फक्त ६५,५३६. ते वीस हजारांना सामाईक पुरतात. भिंत पडली, की तेवढे पुन्हा मोजायचे.

शेवटची लाट चारही दिशांनी येते. तेव्हा खेळणारा स्पेसबार दाबून सगळं जागच्या जागी थांबवतो, कारण पूर्वेच्या भिंतीला लाकूड कमी पडलेलं असतं.