वतनदार वटवाघूळ

हिंदी महासागराच्या नैर्ऋत्य भागात, मादागास्करच्या किनाऱ्यापासून ८०० किलोमीटरहून अधिक पूर्वेला, सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी समुद्रतळाच्या ज्वालामुखींनी जे बेट पाण्याबाहेर उभे केले, ते मॉरिशस कोणत्याही खंडाशी कधीही जोडलेले नव्हते; आणि त्याच्या प्राणिसृष्टीचे जे काही वैशिष्ट्य आहे त्याचे मूळ या एकाच भौगोलिक वस्तुस्थितीत आहे. तेथे चालत जाण्याची वाट कधीच नव्हती. पक्षी उडत आले, कासवे लाटांवर तरंगत आली, सरडे वाहत्या ओंडक्यांना चिकटून आले, झाडांची बीजे पाखरांच्या पोटातून आली. परंतु ज्याला गोडे पाणी हवे, वरचेवर अन्न हवे आणि पिलांना दूध पाजायचे आहे अशा सस्तन प्राण्याला खाऱ्या पाण्यावरचा तो आठवड्यांचा प्रवास साधण्यासारखा नव्हता. ज्यांना पंख होते तेवढेच सस्तन प्राणी तेथे पोहोचले. माणसाचे पाऊल लागण्यापूर्वी मॉरिशसच्या भूमीवर दुसरा कोणताही सस्तन प्राणी नव्हता. होती ती केवळ वटवाघळे.

त्यांतली दोन आपण ज्यांना पाकोळ्या म्हणतो तशी लहान, कीटकभक्षी आहेत. मोठी, फलाहारी वटवाघळे, मॉरिशस ज्यात मोडते त्या मस्कारेन द्वीपसमूहात, तीन जातींची होती. त्यांपैकी लहान जातीचे वटवाघूळ शिकारीमुळे आणि जंगलतोडीमुळे एकोणिसाव्या शतकात नामशेष झाले; सोनेरी लोकरीचे दुसरे रॉड्रिग्ज बेटावर राहते; आणि तिसरे, पंख पसरले असता जवळजवळ पाऊण मीटर भरणारे, काळसर पंखांचे आणि तांबूस मानेचे, ते मॉरिशसचे. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात पूर्वी समुद्रगाय चरत असे, तीही केव्हाच संपली. ‘वतनदार’ हा शब्द आपल्याकडे ज्या अर्थाने चालत आला, म्हणजे गावाच्या पांढरीशी ज्याचा हक्क आणि ज्याचे कर्तव्य दोन्ही पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले आहे तो, त्या अर्थाने या बेटावर उरलेला मोठा सस्तन वतनदार म्हणजे हे काळसर वटवाघूळच. आणि त्याने आपली चाकरी इमानाने बजावली आहे. रानातील वीसहून अधिक देशी वृक्षांची फळे तो खातो, बारीक बीजे विष्ठेतून दूरवर टाकतो, मोठी बीजे चघळून वाटेत सोडतो, फुलांतील मध चाखताना पराग वाहतो. डोडो गेला, महाकाय कासवे गेली, फळे खाणारे मोठे सरडे गेले. ही सारी मंडळी ज्या बीजांची वाहतूक करीत, त्यांचा भार आज बहुतांशी या एकट्याच्या पंखांवर आहे.

आता उपऱ्यांची हकिकत. १५९८ साली डच आरमार या बेटावर उतरले आणि राजपुत्र मॉरिट्सचे नाव त्याला मिळाले. जहाजांबरोबर उंदीर आले, त्यांना कोणी आणावे लागत नाही. डुकरे आणि बकऱ्या मांसाच्या साठ्यासाठी मुद्दाम सोडल्या गेल्या. लांब शेपटीची जावाची माकडे सतराव्या शतकाच्या आरंभीच रानात स्थिरावली होती. १६३९ साली डच गव्हर्नर आद्रियान व्हान डर स्टेल याने जावाहून रुसा जातीची हरणे आणविली, जी आपल्या सांबराची सख्खी भावंडे होत. जमिनीवर घरटे करणाऱ्या आणि एकच अंडे घालणाऱ्या डोडोचा अंत केवळ माणसाच्या काठीने झाला नाही. त्याची अंडी खाणारी तोंडे आधीच रानभर फिरत होती. त्याच्या अखेरच्या विश्वसनीय दर्शनाची नोंद १६६२ सालची आहे, आणि तीही एका लहानशा उपबेटावरची, जेथे ही तोंडे बहुधा पोहोचली नव्हती. डच स्वतः १७१० मध्ये वसाहत सोडून निघून गेले, आणि त्यांना जेरीस आणणाऱ्या कारणांत उभे पीक फस्त करणारे उंदीर हेही एक कारण होते. पुढे फ्रेंच आले, मग १८१० मध्ये इंग्रज आले, आणि प्रत्येक अमदानीत आणखी प्राण्यांची भर पडत गेली: आपल्याकडचा ससा, आपल्याकडची चिचुंद्री, आणि मादागास्करचा काटेरी अंगाचा तेनरेक, ज्याला तेथील क्रिओल बोलीत तांग म्हणतात.

मुंगसाची गोष्ट मात्र थोडी सविस्तर सांगितली पाहिजे, कारण तिचा एक धागा आपल्या दाराशी येतो. १८९६ साली मुंबईत ज्या प्लेगने हाहाकार उडविला, त्याच जागतिक साथीने १८९९ मध्ये मॉरिशस गाठले, आणि उंदरांचा निःपात करावा म्हणून १९०० साली हिंदुस्थानातील लहान मुंगूस तेथील रानात सोडण्यात आले. मुंगसाचे दर्शन शुभ मानणाऱ्या आपल्या लोकांना हा उपाय स्वाभाविकच वाटला असता. परंतु मुंगूस दिवसा हिंडतो आणि उंदीर रात्री; त्यातून ज्या पाखरांना आणि सरड्यांना अशा शत्रूची ओळखच नव्हती ती हाताशी असताना मुंगसाने बिळांचा माग का काढावा? उंदीर राहिले, मुंगूसही राहिले.

या उपऱ्यांपैकी काहींनी मात्र देशाच्या अर्थव्यवहारात पक्के स्थान मिळविले आहे. हरणे मोठमोठ्या ऊसमळेवाल्यांच्या खाजगी रानांत शिकारीसाठी आणि मांसासाठी राखली जातात. माकडे वैद्यकीय संशोधनासाठी परदेशी निर्यात होतात, आणि त्या निर्यातीवर बसविलेल्या शुल्कातून निसर्गरक्षणाच्या कामाला पैसा मिळतो. गंगा तलावावर, जेथे महाशिवरात्रीला बेटाच्या कानाकोपऱ्यातून कावडी घेऊन चालत येणाऱ्या भाविकांत मराठी बोलणाऱ्यांचीही घरे असतात, तेथे हीच माकडे नैवेद्याच्या केळ्यांवर हक्क सांगतात आणि भाविक मारुतिरायाचे गण समजून त्यांना तो देतात. त्या श्रद्धेविषयी मला आदर आहे. पण त्याच माकडांनी रानात गुलाबी कबुतरांची घरटी लुटलेली आहेत, हेही तितकेच खरे आहे. १९९० च्या सुमारास या कबुतरांची रानातली संख्या दहाच्या आसपास उरली होती. उंदीर, मांजर, मुंगूस यांचा अखंड बंदोबस्त आणि बंदिवासात वाढविलेली पिले यांच्या बळावर ती आज काही शेकड्यांवर गेली आहे.

मूळचे चांगल्या अवस्थेतील अरण्य बेटावर दोन टक्क्यांहूनही कमी उरले आहे. त्यातील बराचसा भाग ब्लॅक रिव्हर गॉर्जेस या १९९४ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय उद्यानात येतो, आणि तेथेही चिनी पेरूची झुडपे इतकी दाट माजली आहेत की देशी वृक्षाच्या रोपाला सूर्यप्रकाश मिळणे दुरापास्त व्हावे. हे पेरू डुकरे आणि माकडे खातात व त्यांच्या बिया पसरवितात. हरणे कोवळी देशी रोपे खुडतात. म्हणून निवडक तुकड्यांना कुंपण घालून, आतले पेरू हाताने उपटून, वर्षानुवर्षे निंदणी करीत अरण्य जपावे लागते. शेतकऱ्याला खुरपणीचे कष्ट सांगावे लागत नाहीत. ही खुरपणी अरण्याची आहे एवढेच.

अशा रानात पोट न भरलेले वटवाघूळ लिचीच्या आणि आंब्याच्या बागांत उतरते, आणि येथूनच त्याच्यावरील फिर्यादीला सुरुवात होते. ज्या फळांवरून हा तंटा आहे तीही मूळची त्या बेटाची नव्हेत. लिची चीनची आणि आंबा आपला. २०१५ साली नव्या कायद्याने देशी प्राण्यांचाही उपद्रवापोटी संहार करण्याची मुभा सरकारला मिळाली, आणि सुमारे ९० हजार वटवाघळे असल्याचा अंदाज धरून १८ हजार मारण्याचा हुकूम निघाला. प्रत्यक्षात ३० हजारांहून अधिक मारली गेली. पुढच्या वर्षी आणखी काही हजार. मादीला वर्षाला एकच पिलू होते, आणि एखादे मोठे चक्रीवादळ एका रात्रीत वसाहती उद्ध्वस्त करू शकते, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्यांचे वजन कळते. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने या जातीची नोंद ‘असुरक्षित’ वर्गातून ‘संकटग्रस्त’ वर्गात केली. मॉरिशस विद्यापीठातील परिसरशास्त्रज्ञ विन्सेंट फ्लोरेन्स यांनी क्लॉडिया बैडर यांच्यासह या मोहिमेचा हिशेब मांडला, तेव्हा बागायतदारांचा नफा तिच्यामुळे वाढलेला नाही असेच दिसून आले.

बागायतदाराचे गाऱ्हाणे खोटे आहे असे मी म्हणणार नाही. आप्रवासी घाटावर उतरलेल्या गिरमिटियांच्या, म्हणजे करारबद्ध मजुरांच्या, वंशजांपैकी, आणि त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशजही आले, कित्येकांच्या परसात लिचीचे एखादे झाड असते. वर्षभर वाट पाहून लालबुंद झालेले घोस सकाळी अंगणात कुरतडून पडलेले पाहण्याचे दुःख कोकणातल्या आंबेवाल्याला तरी वेगळे समजावून द्यायला नको. परंतु झाडावर जाळे नीट चढविले तर नुकसान फार मोठ्या प्रमाणात टळते हे मोजमाप करून सिद्ध झाले आहे, आणि सरकार जाळ्यांसाठी अनुदानही देते. मग बंदुकीचा आग्रह धरण्याचे कारण मला दिसत नाही. आपल्याही १९७२ च्या वन्यजीव कायद्यात फलाहारी वटवाघळे कावळ्या-उंदरांच्या पंक्तीला उपद्रवी म्हणून बसविलेली होती, आणि ती यादी २०२२ च्या दुरुस्तीने गेली. तेव्हा या प्रश्नात आपण केवळ दुरून पाहणारे नाही.

निश्चयाने काम केले तर काय साधते याचा दाखला मॉरिशसच्या उत्तरेकडील राउंड आयलंडवर मिळतो. सुमारे २२० हेक्टरांच्या त्या खडकाळ बेटावर एकोणिसाव्या शतकात बकऱ्या आणि ससे सोडले गेले, त्यांनी ताडांची रोपे खाऊन जमीन उघडी पाडली, माती समुद्रात वाहून गेली, आणि त्या मातीत बिळे करून राहणारा एक अजगरवर्गीय साप १९७५ नंतर कोणाच्याही दृष्टीस पडला नाही. १९७० च्या दशकाअखेर बकऱ्या हटविल्या गेल्या आणि १९८६ मध्ये न्यूझीलंडच्या डॉन मर्टन यांच्या पथकाने शेवटच्या सशापर्यंत मोहीम पोहोचविली. त्यानंतर ताडाचे कोंब पुन्हा उगवले आणि दुसरी, फक्त त्याच बेटावर उरलेली सापाची जात तगली. रॉड्रिग्जचे सोनेरी वटवाघूळ तर १९७० च्या दशकात शंभराच्याही खाली गेले होते. झाडे लावली गेली, निसर्गसंवर्धक जेराल्ड ड्युरेल यांनी काही जोड्या बंदिवासात वाढविण्यासाठी नेल्या, आणि बेटावरच्या लोकांनी, शाळकरी मुलांनी त्यांना आपले मानले. आज त्यांची गणना हजारांत होते.

शेजारच्या रेयुनियन बेटावरून मॉरिशसचे हे काळसर वटवाघूळ अठराव्या शतकाअखेरीस पूर्ण नाहीसे झाले होते. सुमारे दोन शतकांनंतर, अलीकडच्या वर्षांत, तेथील एका रानात त्याचा लहानसा थवा पुन्हा दिसू लागला. त्याला कोणी पिंजऱ्यातून नेले नव्हते. मधले पावणेदोनशे किलोमीटर पाणी ते स्वतःच, जसे प्रथम आले होते तसेच, उडून गेले असावे.