ढोलींचा हिशेब

नाशिककरांना पक्षी पाहायला फार लांब जावे लागत नाही. निफाड तालुक्यातील नांदूरमध्यमेश्वर हे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ. हिवाळ्यात तेथील पाणपक्षी पाहायला राज्यभरातून लोक येतात. पण शहरातही, पांडवलेणीच्या पायथ्याचे नेहरू वनोद्यान असो, गोदाकाठ असो की तपोवन, सकाळच्या एका फेरीत बुलबुल, शिंजीर, शिंपी, हळद्या, तांबट, भारद्वाज सहज भेटतात. किती जाती दिसल्या, हा या लेखाचा विषय नाही. उद्यानात पक्षी नुसता येऊन जातो की तेथे पिले वाढवतो, हा खरा प्रश्न आहे. म्हणूनच पक्ष्यांच्या यादीशेजारी मी झाडांच्या ढोलींची नोंद ठेवतो.

घरट्याच्या दृष्टीने उद्यानातील पक्ष्यांचे ढोबळ दोन गट पडतात. बुलबुल झुडपात वाटी विणतो, शिंपी पाने शिवतो, शिंजीर लोंबते घरटे बांधतो. या गटाला तरुण झाड, झुडूप, प्रसंगी अंगणातली वेलही पुरते. दुसरा गट ढोलीत राहणारा, आणि त्यातही दोन थर आहेत. तांबट आणि सोनपाठी सुतार स्वतः भोक कोरतात. पोपट, पिंगळा, साळुंकी, दयाळ आणि राखी धनेश यांना असे कोरता येत नाही. त्यांना सुताराने सोडलेले घर लागते, नाहीतर फांदी मोडल्यावर खोड कुजून तयार झालेली पोकळी.

तांबट आकाराने चिमणीहून थोडाच मोठा. तो जिवंत, कठीण लाकडाच्या वाटेला जात नाही. शेवगा, पांगारा यांसारख्या मऊ लाकडाची वाळलेली फांदी निवडतो आणि बहुधा तिच्या खालच्या बाजूने तोंड पाडतो, म्हणजे पावसाचे पाणी आत शिरत नाही. धनेशाची गरज याहून मोठी. मादी ढोलीत शिरते आणि विष्ठेने तोंड लिंपून घेते. उरलेल्या चिरेतून नर तिला अनेक आठवडे फळे, किडे भरवतो. एवढ्या मोठ्या पक्ष्याला मावेल अशी ढोली जाड खोडातच असते, आणि खोड जाड व्हायला दशके जातात.

याची परतफेड झाडांनाही मिळते. तांबट आणि धनेश वड, पिंपळ, उंबराची फळे खातात आणि बिया दूर टाकतात. पिंगळा किडे आणि उंदीर टिपतो. म्हणजे एक वाळकी फांदी गेली की केवळ एक घर जात नाही. बी पेरणारा आणि कीड आवरणारा रहिवासीही जातो.

आता माणसांचा हिशेब पाहू. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रातील झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडाला ‘हेरिटेज वृक्ष’ म्हटले आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावण्याची अट घातली. झाडाचे वय कायद्याने मोजायला घेतले, ही मोठीच गोष्ट. तरी ६० वर्षांच्या झाडाबदली ६० रोपे लावली, तर ढोली किती मिळाल्या? शून्य. ती रोपे जगली, वाढली, त्यांची एखादी फांदी वाळली, की मग ढोलीची सुरुवात. तोवर पिंगळ्याच्या कित्येक पिढ्या होऊन गेलेल्या असतात.

२०२५ च्या अखेरीस सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी तपोवनातील १७०० हून अधिक झाडे तोडण्याचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा नाशिककर रस्त्यावर उतरले. बदल्यात हजारो रोपे लावण्याचे आश्वासन मिळाले. वाद झाला तो मुख्यतः आकड्यांचा: किती झाडे, किती रोपे. कोणत्या झाडात ढोली आहे, तिच्यात कोण राहते, हा रकाना त्या हिशेबात असता तर कोणती झाडे मुळीच हलवता येणार नाहीत, हे आधीच स्पष्ट झाले असते.

नुसत्या पक्षी-यादीत हे नुकसान लवकर उमटत नाही. मोठी झाडे गेली तरी बुलबुल, कावळे, पारवे दिसत राहतात. पोपटांचे थवे दुसरीकडून येऊन फळे खाऊन जातात. यादी भरलेली आणि विणीची जागा मात्र रिकामी, अशी स्थिती वर्षानुवर्षे लपून राहू शकते.

वाळकी फांदी धोक्याचीही असते, हे खरेच. पायवाटेवर, खेळाच्या जागेवर झुकलेली फांदी काढलीच पाहिजे. पण उद्यानाच्या आतल्या भागात, जिथे कुणी खाली बसत नाही, तिथे ती बुंध्यापासून छाटण्याऐवजी हात-दोन हात खुंट राखता येतो. छाटणीआधी भोके पाहावीत. थंडी सरता सरता तांबट, पोपट घराच्या शोधात लागतात. त्या काळात छाटणी टाळावी.

मारुती चितमपल्ली यांचा ५ नोव्हेंबरचा आणि डॉ. सालिम अली यांचा १२ नोव्हेंबरचा जन्मदिवस जोडून महाराष्ट्रात २०२० पासून पक्षी सप्ताह साजरा होतो. दिवाळीच्या आगेमागेच तो येतो. या सप्ताहात वाचकांनी आपल्या जवळच्या उद्यानात एक फेरी मारावी, ढोली असलेली झाडे मोजावीत, जागेसह वहीत उतरवावीत आणि ती यादी उद्यान विभागाकडे द्यावी. दुर्बीण नसली तरी चालेल. पुढे कुऱ्हाडीचा प्रश्न येईल, तेव्हा भावनेबरोबर ही वहीही हाताशी असेल.