‘नाइटफॉल’ची कुळकथा

आयझॅक असिमॉव्हच्या ‘नाइटफॉल’ या कथेवरचा लेख हाती आला, की मी आधी त्यात ग्रहाचे नाव काय दिले आहे ते बघतो. ‘लगाश’ असेल तर लेखकाने मूळ कथा वाचलेली असावी. ‘काल्गाश’ असेल, सूर्यांना ‘ओनोस’, ‘डोविम’ अशी नावे असतील, तर त्याने 1990 साली असिमॉव्ह आणि रॉबर्ट सिल्व्हरबर्ग यांच्या नावाने आलेली कादंबरी वाचली आहे, किंवा ती वाचलेल्या कुणाचे तरी लिखाण वाचले आहे. सहा सूर्यांच्या उजेडात राहणाऱ्या आणि दोन हजार वर्षांतून एकदाच रात्र पाहणाऱ्या लोकांची ही गोष्ट विज्ञानकथेच्या इतिहासात इतक्या वेळा सांगितली गेली आहे, की सांगणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना मूळ पानाची गरजच वाटत नाही.

ते मूळ पान ‘अस्टाउंडिंग सायन्स-फिक्शन’ मासिकाच्या सप्टेंबर 1941च्या अंकात आहे. अंकावरचा महिनाही जपूनच घ्यावा लागतो. अमेरिकेतली ही मासिके छापील महिन्याच्या आधीच विक्रीला येत. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदावर छापलेली असल्यामुळे त्यांना ‘पल्प’ म्हणत. तो कागद पिवळा पडून तुटतो. ग्रंथालयांनी अशी मासिके फारशी जपली नाहीत आणि प्राध्यापकांना तर त्या काळी त्यांच्याकडे बघणेही कमीपणाचे वाटे. त्यामुळे कोणती कथा कुठे, कधी, कुणाच्या नावाने आली याची दप्तरे ठेवण्याचे काम वाचकांवर येऊन पडले.

ओरेगनमधल्या पोर्टलंडच्या डोनाल्ड डे यांनी 1926 ते 1950 या काळातल्या विज्ञानकथा-मासिकांची सूची करून 1952 साली प्रसिद्ध केली. पुढचा 1951 ते 1965चा टप्पा एमआयटीच्या विद्यार्थ्यांच्या विज्ञानकथा मंडळासाठी अर्विन स्ट्रॉस यांनी पुरा केला. कथासंग्रहांत गेलेल्या कथांचा माग विल्यम कॉन्टेन्टो यांच्या 1978च्या सूचीने ठेवला. हे सगळे आवडीतून झालेले काम आहे, आणि मला ते कित्येक प्रबंधांपेक्षा जास्त कष्टाचे आणि जास्त प्रामाणिक वाटते.

या परंपरेचा आजचा वारस म्हणजे 1995 साली अल व्हॉन रफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेला ‘इंटरनेट स्पेक्युलेटिव्ह फिक्शन डेटाबेस’, म्हणजेच आयएसएफडीबी. कारभार आजही स्वयंसेवकांच्या हाती आहे. कुणीही नोंद पाठवू शकतो, पण अनुभवी संपादकाने पाहून मान्य केल्याशिवाय ती दप्तरात चढत नाही. मला सर्वांत आवडते ती इथली प्राथमिक पडताळणीची रीत. पुस्तक किंवा अंक प्रत्यक्ष हातात धरून ज्याने पाने, किंमत, मुखपृष्ठ, अनुक्रमणिका तपासली, तोच नोंदीवर आपली खूण करतो. दुसऱ्या सूचीतून उचललेली माहिती असेल तर तसे टिपेत लिहितात. आपल्याला हे कुठून कळले, एवढे सांगण्याचे सौजन्य मोठमोठ्या चरित्रग्रंथांतही नसते.

या दप्तरात ‘कथा’ आणि ‘प्रकाशन’ या वेगळ्या नोंदी आहेत. म्हणून ‘नाइटफॉल’ उघडली की तिचा सगळा प्रवास दिसतो: 1946चा हीली आणि मॅककोमस यांचा जाडजूड संग्रह, 1969चा असिमॉव्हचा स्वतःचा संग्रह, मग पुढची पुनर्मुद्रणे. कादंबरीची नोंद वेगळी. या दप्तरात मूळ कथा लघुकथांत नव्हे, दीर्घकथांत मोडते. साडेसात हजार शब्द ओलांडले की वर्ग बदलतो. आर्थर क्लार्क यांची ‘द कर्स’ ही छोटी कथाही ‘नाइटफॉल’ या नावाने छापली गेली होती. नुसत्या शीर्षकावर भिस्त ठेवणाऱ्याची गाडी इथे हमखास रुळावरून घसरते.

एवढी शिस्त असूनही कथा कशी जन्मली हे सूची सांगत नाही. त्यासाठी लेखकाकडे जावे लागते. असिमॉव्ह 1938च्या 1 जानेवारीपासून रोजनिशी ठेवत असे आणि 1979 साली आलेला आत्मचरित्राचा पहिला खंड त्याने तिच्या आधाराने लिहिला. त्यात 17 मार्च 1941 ही तारीख येते. एकवीस वर्षांचा, रसायनशास्त्र शिकणारा असिमॉव्ह संपादक जॉन कॅम्बेल याच्या कचेरीत गेला. तारे हजार वर्षांतून एकाच रात्री दिसले तर माणसे कशी भारावून जातील, हा इमर्सनचा विचार कॅम्बेलने त्याच्यापुढे ठेवला आणि आपल्याला उलटेच वाटते म्हणाला: माणसे वेडी होतील. कथा विकली गेली तेव्हा शब्दामागे नेहमीच्या एका सेंटवर पाव सेंट जादा मिळाला. तारखा आणि पैसे यांच्या बाबतीत रोजनिशीवर मी डोळे मिटून विश्वास ठेवीन. कचेरीत कोण काय बोलले याच्या बाबतीत तेवढा नाही, कारण असिमॉव्ह हा किस्सा सांगण्यात पटाईत होता आणि त्याने तो अनेकदा सांगितला. ताळा करायचा तर कॅम्बेलची छापलेली पत्रे आहेत, आणि कॅम्बेल व त्याच्या लेखकांवरचे ॲलेक नेव्हाला-ली यांचे 2018चे ‘अस्टाउंडिंग’ हे पुस्तकही आहे.

कथेच्या शेवटाजवळ एक परिच्छेद आहे, त्यात पृथ्वीचा उल्लेख येतो. लगाशच्या लोकांना पृथ्वी ठाऊक असण्याचे कारणच नाही. हा परिच्छेद कॅम्बेलने न विचारता घातला, असे असिमॉव्हने नंतर सांगितले, आणि नेमक्या त्याच ओळींची असिमॉव्हची शैली म्हणून वाहवा झाली याची त्याला चीड होती. अमेरिकेतल्या विज्ञानकथा-लेखकांच्या संघटनेने 1964पर्यंतच्या कथांवर मतदान घेतले त्यात ‘नाइटफॉल’ पहिली आली. सिल्व्हरबर्ग यांच्या 1970च्या निवडक संग्रहात ती गेली ती त्यामुळेच. पण ‘असिमॉव्हची वाक्यरचना’ या विषयावर लिहिणाऱ्याने ती कुठल्याही संग्रहातून घेतली तरी हा परिच्छेद तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

अंक स्वतः पाहायचा असेल तर टोरांटोच्या सार्वजनिक ग्रंथालयात ज्युडिथ मेरिल यांनी 1970 साली सुमारे पाच हजार पुस्तके-मासिके देऊन सुरू केलेला संग्रह आहे, कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडच्या विद्यापीठात ईटन संग्रह आहे. असिमॉव्हची कागदपत्रे मात्र बॉस्टन विद्यापीठात आहेत, जिथे तो जीवरसायनशास्त्र शिकवत असे. हॉवर्ड गॉटलीब या अभिलेखपालाने ती 1960च्या दशकात त्याच्याकडून मागून घ्यायला सुरुवात केली.