हातगुणाच्या पलीकडे : दवाखान्यातील सेवेचा दर्जा कसा ओळखावा?

‘अमुक डॉक्टरांच्या हाताला गुण आहे,’ असे आपल्याकडे मोठ्या श्रद्धेने म्हटले जाते. ही श्रद्धा मोलाची आहे. विश्वासावाचून कोणताही उपचार तडीस जात नाही. तथापि आमचे देणगीदार आणि विश्वस्त वेळोवेळी जो प्रश्न विचारतात, तो याहून निराळा आहे. गल्लीतील दवाखान्यात अथवा आपल्याच बाह्यरुग्ण विभागात मिळणारी सेवा खरोखर चांगली आहे, हे ठरवावे कशावरून?

या प्रश्नाची पद्धतशीर मांडणी डॉ. अवेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ साली केली. त्यांनी दर्जाची तपासणी तीन अंगांनी करावी असे सुचविले : रचना, प्रक्रिया आणि निष्पत्ती. दवाखान्यात काय उपलब्ध आहे, तेथे प्रत्यक्ष काय केले जाते आणि त्यामुळे रुग्णाचे काय होते, असा या तिहींचा सोपा अर्थ आहे.

रचना डोळ्यांना दिसते. डॉक्टरांची नोंदणी, हात धुण्याची सोय, अचूक रक्तदाबमापक, निर्जंतुक साधने आणि नोंदी ठेवण्याची व्यवस्था यांचा त्यात समावेश होतो. मात्र उत्तम साधने असली म्हणजे त्यांचा योग्य वापर होतोच, असे नाही.

म्हणून प्रक्रिया पाहावी लागते. मुंबई आणि पाटणा येथील खासगी दवाखान्यांच्या एका अभ्यासात, क्षयरोगाची लक्षणे सांगण्याचे प्रशिक्षण दिलेल्या व्यक्ती रुग्ण म्हणून पाठविण्यात आल्या. बाराशेहून अधिक ठिकाणी झालेल्या या भेटींचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश भेटींतच रुग्णास योग्य दिशा मिळाली होती. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असल्यास थुंकीची तपासणी सुचवावी, हे साधे पाऊल चुकले तर रुग्णाचे मोलाचे दिवस वाया जातात आणि घरातील इतरांनाही संसर्गाचा धोका राहतो.

निष्पत्ती ही सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत फसवी कसोटी होय. विषाणूजन्य सर्दी-ताप बहुधा काही दिवसांत आपोआप बरा होतो. श्रेय मात्र सलाइनला किंवा इंजेक्शनला मिळते. याउलट उच्च रक्तदाब बहुधा दुखत नाही. बरे वाटते म्हणून रुग्ण गोळ्या थांबवितो आणि काही वर्षांनी पक्षाघाताने अंथरुणास खिळतो. तेव्हा त्या दवाखान्याची आठवणही कोणी काढीत नाही.

याच कारणाने २०१७ साली सुरू झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात, ज्याच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्राचाही समावेश होता, मोजणीची पद्धत अर्थपूर्ण ठेवली गेली. नोंदणी झालेल्या रुग्णांपैकी किती जणांचा रक्तदाब शेवटच्या भेटीत १४०/९० च्या खाली होता, हे त्यात पाहिले जाते. आणि जे भेटीस आलेच नाहीत, त्यांचीही मोजणी होते.

ही कसोटी आम्ही स्वतःस लावून पाहिली, तेव्हा एक उणीव ध्यानी आली. वर्षभरात किती रुग्ण आले, हा आकडा आम्ही दरवर्षी अभिमानाने छापीत आलो. परंतु किती रुग्ण परत आले नाहीत, हे आम्ही मोजलेच नव्हते. बाकावरची गर्दी म्हणजे दर्जा नव्हे, हे प्रांजळपणे मान्य करून, दीर्घ आजारांच्या रुग्णांसाठी पुढील भेटीची तारीख दर्शविणारी स्वतंत्र नोंदवही आम्ही सुरू केली आहे. तारीख चुकविणाऱ्या रुग्णास दूरध्वनी केला जातो. कित्येकदा कारण औषधाचे नसते. बसभाड्याचे किंवा बुडणाऱ्या रोजाचे असते.

रुग्णांच्या नातेवाइकांनीही काही गोष्टी निःसंकोचपणे पाहाव्यात. डॉक्टरांनी आपले म्हणणे पुरते ऐकून घेतले का? तपासणी केली का? आजाराचे नाव आणि औषधाचे प्रयोजन समजेल अशा भाषेत सांगितले का? चिठ्ठी सुवाच्य आहे का? पुन्हा केव्हा यावे आणि कोणत्या लक्षणांत तातडीने यावे, हे सांगितले का? रुग्णाने आपल्या वैद्यकीय नोंदी मागितल्यास त्या ७२ तासांच्या आत द्याव्यात, असे डॉक्टरांच्या व्यावसायिक आचरणाचे २००२ चे विनियम सांगतात. म्हणून नोंदी मागणे हा अविश्वास नव्हे, हक्क आहे.

आपल्या देणगीतून यंत्र येते, इमारत उभी राहते. परंतु औषध मध्येच सोडलेला एखादा रुग्ण आठवणीने परत बोलाविला जातो, तेव्हाच त्या दानाचे सार्थक होते.  यापुढेही आपण आम्हांस असेच प्रश्न विचारीत राहावे, अशी नम्र विनंती करतो.